शिक्का आणि संज्ञा

१

राजकारणात शब्दांवरून होणारी भांडणे फुकटची असतात, खरा प्रश्न भाकरीचा आहे, असे आपल्या चळवळीतील अनेक कार्यकर्ते म्हणतात. मला हे मान्य नाही. भाकरी कोणाच्या वाट्याला यावी हे ज्या यादीवरून ठरते ती यादी शब्दांतच लिहिलेली असते. गावकुसाबाहेरच्या माणसाचे सारे जिणे एका शब्दात कोंडलेले होते. तो शब्द उच्चारला की पाणवठा, वाट, देऊळ आणि शाळा ही सारी एकदम बंद होत. शब्दांनी ज्यांचे इतके नुकसान केले त्यांनी तरी शब्द ही किरकोळ बाब मानू नये.

आज अभ्यासवर्गांत तरुण मुले-मुली काही शब्दांचे अर्थ विचारतात. ‘अर्बन नक्षल’ म्हणजे नेमका कोण? ‘सरकारी जावई’ ही शिवी आहे की थट्टा? ‘फुरोगामी’, ‘भक्त’, ‘चमचा’ हे शब्द आपण वापरावेत काय? या प्रश्नांची चर्चा बहुधा एका ठरावीक वळणाने जाते. शब्द वापरणारा म्हणतो, माझा अर्थ तसा नव्हता, मी सगळ्यांना म्हटले नव्हते. ज्याला तो लागला तो म्हणतो, अर्थ तोच होता आणि मलाच म्हटले होते. मग कोणीतरी शब्दकोश काढावयास सांगतो. शब्दकोशात हे शब्द एक तर नसतात, आणि असले तरी तिथला अर्थ व चावडीवरचा अर्थ यांचा काडीचा संबंध नसतो.

हा वाद सोडविण्याआधी एक फरक करणे जरूर आहे, असे मला वाटते. राजकारणातले काही शब्द संज्ञा असतात आणि काही शिक्के असतात. संज्ञेला कुंपण असते. तिच्यात कोण येतो हे जसे सांगता येते, तसेच कोण येत नाही हेही सांगता येते. ती उच्चारणाऱ्यालाही लागू पडू शकते. आणि माणसाची वागणूक किंवा परिस्थिती बदलली तर तो तिच्यातून बाहेर पडू शकतो. शिक्क्याला यातले काहीच नसते. तो कोणावर मारावयाचा हे शिक्का ज्याच्या हातात आहे तो ठरवतो, आणि तो पुसावा कसा हे कोणीच सांगत नाही. संज्ञेच्या अर्थाबद्दल मतभेद झाले तर त्यातून विचार पुढे जातो. शिक्क्याच्या अर्थाबद्दल वाद घालू लागलो तर आपण सापळ्यात पाय ठेवतो. हे म्हणणे मला आपल्याच इतिहासातून आणि आजच्या व्यवहारातून तपासून पाहावयाचे आहे.

२

आरंभ १९३८ सालापासून करतो, कारण त्या एका वर्षाच्या पहिल्या दोन महिन्यांत या प्रश्नाच्या दोन्ही बाजू आपल्याला दिसतात.

जानेवारी महिन्यात मुंबई विधिमंडळात लोकल बोर्डांच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक चर्चेला होते. प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ होते. विधेयकात अस्पृश्य वर्गासाठी ‘हरिजन’ हा शब्द घातलेला होता. गांधीजींनी १९३२ च्या सुमारास हा शब्द प्रचारात आणला आणि १९३३ पासून त्या नावाचे साप्ताहिकही सुरू झाले होते. स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने भाऊराव गायकवाड यांनी या शब्दाला हरकत घेतली. त्यांचा युक्तिवाद साधा आणि बिनतोड होता. आम्ही देवाची माणसे असू, तर बाकीचे काय राक्षसाची माणसे समजावयाची? आणि सारेच देवाचे असतील तर हे नाव सर्वांनाच द्या, आमची हरकत नाही. बहुमताने हरकत फेटाळली गेली आणि बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांसह सभागृहाबाहेर पडले.

हे भांडण वरवर पाहता अर्थाचे होते. काँग्रेसच्या बाजूचे म्हणणे असे, की शब्द चांगला आहे, अर्थ गोड आहे, मग राग कशाचा? परंतु गायकवाडांनी विचारलेला प्रश्न गोडीचा नव्हता, कुंपणाचा होता. या शब्दात कोण येत नाही? शब्दाच्या अर्थाप्रमाणे पाहिले तर कोणीच बाहेर राहत नाही. व्यवहारात मात्र तो फक्त अस्पृश्यालाच लावला जातो. म्हणजे खरे कुंपण अस्पृश्यतेचेच होते आणि शब्द त्या कुंपणावर फुले टाकून ते झाकत होता. शिक्का कडू असतो तसा गोडही असू शकतो, हे त्या दिवशी आपल्या माणसांनी ओळखले.

बाबासाहेबांना नावाचा प्रश्न नवा नव्हता. गोलमेज परिषदेच्या वेळी, १९३१ मध्ये, त्यांनी आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी सादर केलेल्या पुरवणी निवेदनात ‘डिप्रेस्ड क्लासेस’ या नावाला हरकत घेऊन पर्यायी नावे सुचविली होती. ‘प्रोटेस्टंट हिंदू’ हे त्यांपैकी एक. म्हणजे नकार देऊन ते थांबले नाहीत. आपली स्थिती सांगणारा आणि आपला कमीपणा न सांगणारा शब्द कोणता, याचा त्यांनी विचार केला होता. सरकारला मात्र हे उमगावयास वेळ लागला. जातीच्या दाखल्यांवर ‘हरिजन’ लिहू नये अशी सूचना केंद्राने १९८२ मध्ये काढली. १९३८ चा सभात्याग आणि १९८२ चे परिपत्रक यांमध्ये चव्वेचाळीस वर्षे गेली.

आता फेब्रुवारी १९३८. मनमाडला जीआयपी रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. तिथे बाबासाहेबांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले: ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. ‘ब्राह्मणशाही’ हा शब्दही प्रतिपक्षाला झोंबणारा आहे. परंतु तो उच्चारल्यावर बाबासाहेबांनी लगेच त्याचे कुंपण सांगितले. ब्राह्मण जातीचे हक्क, अधिकार वा हितसंबंध असा आपला अर्थ नाही. स्वातंत्र्य, समता व बंधुता या तत्त्वांचा अभाव म्हणजे ब्राह्मणशाही, असे त्यांनी स्पष्ट केले. ब्राह्मण हे तिचे जनक असले तरी ती सर्व वर्गांत पसरलेली आहे, असेही त्यांनी बजावले.

या विधानातील शेवटच्या भागाकडे आपले लक्ष पुरेसे गेलेले नाही. सर्व वर्गांत म्हणजे ऐकणाऱ्यांतही. परिषदेला बसलेल्या कामगारांमध्ये पोटजातीचा अहंकार बाळगणारा कोणी असेल, तर तो शब्द त्यालाही लागू होता. आणि जन्माने ब्राह्मण असलेला पण समता मानून तसे वागणारा कोणी असेल, तर तो त्यातून मोकळा होता. महाडला मनुस्मृतीचे दहन झाले त्या १९२७ च्या परिषदेत गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे बाबासाहेबांसोबत होते, ते याच कारणाने शक्य झाले. संज्ञा म्हणतात ती याला. एकाच वर्षी, अवघ्या महिन्याच्या अंतराने, एक शिक्का नाकारणे आणि एक संज्ञा घडविणे ही दोन्ही कामे एकाच चळवळीने केली. आपण पहिल्या कामाची आठवण ठेवली आणि दुसऱ्याची सोय तेवढी घेतली. ‘ब्राह्मणशाही’ हा शब्द उचलला, त्याची व्याख्या मनमाडलाच ठेवून आलो.

३

आता आजच्या चावडीवर येऊ. ‘सरकारी जावई’ हा शब्द महाराष्ट्रात कार्यालयांत, शाळांच्या शिक्षक-खोल्यांत आणि एस.टी.च्या बाकड्यांवर सर्रास ऐकू येतो. ज्यांना राखीव जागेचा वा शिष्यवृत्तीचा लाभ मिळतो त्यांना उद्देशून तो वापरतात. विचारले तर म्हणतात, अहो, ही थट्टा आहे. किंवा म्हणतात, लायकी नसताना फुकट खाणाऱ्यांबद्दल आम्ही बोलतो, कष्टाने पुढे आलेल्यांबद्दल नाही.

हा शब्द मी स्वतः एका महाविद्यालयाच्या शिक्षक-खोलीत ऐकला आहे. बिंदुनामावलीची चर्चा चालली होती. एक सहकारी म्हणाले, ‘आधी जावयांची सोय, मग उरले तर आपण.’ मग माझ्याकडे लक्ष जाताच ते म्हणाले, ‘सर, तुम्हांला नाही हं म्हटले. तुमची गोष्ट वेगळी.’ हे ‘तुम्हांला नाही’ मला शब्दापेक्षा जास्त महत्त्वाचे वाटते. शिक्क्याला कुंपण नसते म्हणजे काय, ते या दोन शब्दांत आहे. कोण आत आणि कोण बाहेर हे त्या गृहस्थांच्या मर्जीवर होते. आज मी बाहेर, उद्या माझे बढतीचे प्रकरण आले की आत. माझ्याकडून त्यांची अपेक्षा अशी होती की मी या सवलतीबद्दल कृतज्ञ राहावे आणि आत उरलेल्यांविषयी बोलू नये. शिक्का जितका जखम करतो तितकीच ही सूट आपल्यात फूट पाडते.

परंतु अर्थाच्या वादाचे काय? ‘जावई’ म्हणजे सरकारी सवलत घेणारा, जातीशी संबंध नाही, हा त्यांचा दावा. हा दावा तपासण्याची संधी इतिहासानेच दिली. जानेवारी २०१९ मध्ये १०३ वी घटनादुरुस्ती झाली आणि अनुसूचित जाती, जमाती व इतर मागास वर्ग सोडून उरलेल्यांतील आर्थिक दुर्बलांना दहा टक्के राखीव जागा मिळाल्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी ती दुरुस्ती वैध ठरविली. आता सांगा, या दहा टक्क्यांतून प्रवेश घेतलेल्या मुलाला कोणी ‘सरकारी जावई’ म्हटलेले आपण ऐकले आहे काय? मी ऐकलेले नाही. त्याला गरीब घरचा होतकरू मुलगा म्हणतात, आणि योग्यच करतात. सवलत तीच, सरकार तेच, राखीव जागेचे तत्त्व तेच. मग शब्द का बदलला? कारण शब्दाचा अर्थ सवलत हा नव्हताच. अर्थ जात हा होता. शब्दाचा खरा अर्थ शोधावयाचा तर तो कोणाला लावतात एवढे पाहून भागत नाही. लावता येण्याजोगा असूनही कोणाला लावत नाहीत, हे पाहावे लागते.

आणि हा शब्द ‘जावई’च का निवडला गेला, याचाही विचार व्हावा. मराठी घरात जावयाचा मान मोठा. अधिक महिन्यात त्याला अनारशांचे वाण, चांदीचे ताट, नवे कपडे. तो काम करीत नाही, सासरा त्याला पोसतो, आणि मुलगी त्याच्या घरी म्हणून सारे गप्प बसतात. गावकीची कामे करून, मेलेली ढोरे ओढून, उष्ट्या भाकरीवर पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या समाजाला या आयतोबाची उपमा द्यावी, यातला क्रूर विनोद बाजूला ठेवू. त्याहून भयंकर गोष्ट दुसरीच आहे. ज्या समाजाला सरकारचा जावई म्हणून हिणवतात, त्या समाजातला मुलगा खरोखरच गावातल्या घरचा जावई होऊ पाहील तर काय होते? नगर जिल्ह्यातील सोनई येथे जानेवारी २०१३ मध्ये मेहतर समाजातील तीन तरुणांना मारून टाकण्यात आले. वरच्या मानल्या गेलेल्या जातीतील मुलीशी असलेले प्रेमसंबंध हे त्यामागचे कारण होते. २०१८ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने या प्रकरणी सहा जणांना दोषी ठरविले. सफाईचे काम करणाऱ्या समाजाला जावई म्हणणारी भाषा आणि त्या समाजातल्या मुलाला जावई होऊ न देणारी कुऱ्हाड एकाच समाजरचनेत नांदतात. म्हणून ही थट्टा आहे हे म्हणणे मला मान्य होत नाही.

४

‘नक्षल’ या शब्दाची वाटचाल आणखी वेगळी आहे. नक्षलबारी हे पश्चिम बंगालमधील दार्जिलिंग जिल्ह्यातील गाव. १९६७ मध्ये तिथे भूमिहीन शेतकऱ्यांचा उठाव झाला आणि गावाच्या नावावरून एक राजकीय प्रवाह ओळखला जाऊ लागला. तोपर्यंत हा शब्द संज्ञा होता. सशस्त्र मार्गाने सत्ता घ्यावी असे मानणाऱ्यांना तो लागू होता, आणि संसदीय मार्ग मानणाऱ्या डाव्यांना लागू नव्हता. त्या मार्गाशी ज्याचे पटत नाही त्याला तसे सांगता येत होते, आणि घटनात्मक मार्ग हीच आपली वाट मानणारे आंबेडकरी कार्यकर्ते तसे सांगतही आले.

पुढे कुंपण मोडत गेले. सप्टेंबर २००६ मध्ये भंडारा जिल्ह्यात खैरलांजीला भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. त्याविरुद्ध विदर्भात लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा राज्याच्या तत्कालीन गृहमंत्र्यांनी या आंदोलनामागे नक्षलवाद्यांचा हात असल्याचे सूचित केले. ज्यांच्या माणसांना मारले त्यांचा संताप हा त्यांचा स्वतःचा असू शकत नाही, तो कोणीतरी बाहेरून आणून दिला असला पाहिजे, असे या म्हणण्यात गृहीत होते. दलिताला स्वतःचा राग असू शकतो हेच व्यवस्थेला पटत नाही.

‘अर्बन नक्षल’ या जोडशब्दाने हे काम पुरे केले. ३१ डिसेंबर २०१७ रोजी पुण्यात शनिवारवाड्यावर एल्गार परिषद झाली. दुसऱ्या दिवशी भीमा कोरेगावच्या लढाईला दोनशे वर्षे पूर्ण होत असताना अभिवादनासाठी जमलेल्या लोकांवर हल्ले झाले. २०१८ च्या जून आणि ऑगस्टमध्ये अटका झाल्या, आणि याच वर्षी हा शब्द घराघरांत पोचला. पुढे अटक झालेल्यांची संख्या सोळा झाली. त्यांत आनंद तेलतुंबडे होते, ‘विद्रोही’चे संपादक सुधीर ढवळे होते, कबीर कला मंचाचे कलावंत होते, आणि झारखंडच्या आदिवासींमध्ये आयुष्य घालविलेले वृद्ध स्टॅन स्वामी होते. स्वामींचा ५ जुलै २०२१ रोजी कोठडीत असतानाच रुग्णालयात मृत्यू झाला. खटल्यातील आरोप खरे की खोटे हे न्यायालय ठरवील. मी त्यावर येथे मत देत नाही. मला प्रश्न शब्दाचा आहे, आणि त्यासाठी ढवळ्यांचे उदाहरण पुरेसे आहे. २०११ मध्ये त्यांना अशाच स्वरूपाच्या आरोपाखाली अटक झाली. २०१४ मध्ये न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. गुन्ह्याच्या आरोपाला शेवट असतो, निर्दोष सुटण्याचा दरवाजा असतो. त्या दरवाजातून ते बाहेर आले. शिक्क्याला मात्र असा दरवाजा नव्हता; २०१८ मध्ये पुन्हा अटक झाली तेव्हा लोकांच्या तोंडी आधीची अटकच होती, आधीची सुटका नव्हती. मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना जामीन दिला तो जानेवारी २०२५ मध्ये.

जे शब्द सत्ताधारी सभांमधून रोज उच्चारतात त्यांची सरकारदरबारी व्याख्या काय, हे लोकांनी विचारून पाहिले आहे. ‘तुकडे तुकडे गँग’ म्हणजे कोण, याची माहिती जानेवारी २०२० मध्ये माहितीच्या अधिकाराखाली विचारली गेली, तेव्हा आपल्याकडे अशी काही माहिती नाही असे केंद्रीय गृहमंत्रालयाने कळविले. शिक्क्याला व्याख्या नको असते हे याहून स्वच्छपणे कोण सांगणार? व्याख्या केली की कुंपण आले, आणि कुंपण आले की ज्यांना घेरावयाचे आहे त्यांतले निम्मे बाहेर राहतील.

परंतु शिक्का कायद्यात शिरू पाहतो तेव्हा धोका वाढतो. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मंजूर केले. नक्षलवादाचा धोका दुर्गम भागापुरता राहिलेला नसून आघाडीच्या संघटनांमार्फत शहरांतही वाढत आहे, अशी त्यामागची भूमिका मांडली गेली. त्याविरुद्ध लोकांच्या हरकती आणि सूचना बारा हजारांहून अधिक आल्या. संयुक्त समितीने मसुदा बदलून ‘कडव्या डाव्या विचारसरणीच्या किंवा तत्सम संघटना’ अशी शब्दरचना केली. कुंपण घातले असे सांगण्यात आले. परंतु त्या कुंपणात ‘तत्सम’ नावाचे फाटक उघडे आहे. मराठीच्या व्याकरणात तत्सम म्हणजे जसाच्या तसा आलेला शब्द. कायद्यात तत्सम म्हणजे कोण, हे अधिकारी ठरविणार. वस्तीत ग्रंथालय चालविणारी, जमिनीच्या पट्ट्यासाठी मोर्चा काढणारी, सफाई कामगारांची थकलेली मजुरी मागणारी संघटना ‘तत्सम’ नाही हे सिद्ध करण्याचे ओझे शेवटी कोणाच्या डोक्यावर येणार, हे सांगावयास नको.

५

येथवर लिहिलेले आपल्या वाचकांना आवडेल, कारण बोट दुसऱ्याकडे आहे. आता ते आपल्याकडे वळविले पाहिजे.

रिपब्लिकन पक्ष १९५७ मध्ये स्थापन झाला आणि एक-दोन वर्षांतच फुटला. बी. सी. कांबळे यांचा गट ‘दुरुस्त’ आणि दादासाहेब गायकवाडांचा ‘नादुरुस्त’ अशी नावे पडली. यंत्राला वा घड्याळाला लावावयाचे शब्द आपण माणसांना लावले. मूळ वाद खरा होता आणि मोलाचा होता. घटनात्मक हक्कांच्या चौकटीत राजकारण करावयाचे की भूमिहीनांच्या लढ्यात डाव्यांसोबत उतरावयाचे, हा तो वाद. त्यावर वर्षभर अभ्यासवर्ग चालले असते तर चळवळीचे भले झाले असते. परंतु गायकवाड कम्युनिस्टांच्या नादी लागले एवढे म्हटले की चर्चेची गरजच संपत होती. ज्यांनी ‘हरिजन’ शब्दाचे कुंपण विधिमंडळात तपासले होते, त्यांच्यावरच घरच्या माणसांनी शिक्का मारला. त्याच ‘नादुरुस्तां’नी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह केले, लाखो माणसे तुरुंगात गेली. त्या लढ्याचा हिशेब ‘नादुरुस्त’ या शब्दात कुठे मांडावयाचा?

दलित पँथरची गोष्ट याच वळणाने गेली. १९७२ मध्ये संघटना स्थापन झाली, १९७३ मध्ये जाहीरनामा निघाला. त्यात ‘दलित’ या शब्दाची व्याख्या केलेली होती: अनुसूचित जाती-जमाती, बौद्ध, कष्टकरी, भूमिहीन, गरीब शेतकरी, स्त्रिया, आणि राजकीय, आर्थिक व धार्मिक दृष्ट्या पिळले जाणारे सर्व. ही व्याख्या फार रुंद आहे की योग्य आहे, यावर मतभेद होणे साहजिक होते. इतकी रुंद केली तर अस्पृश्यतेचा विशेष अनुभव त्यात बुडून जातो, असा आक्षेप घेता येतो. अरुंद केली तर शोषितांची एकजूट होत नाही, असा प्रतिवाद करता येतो. हा वाद संज्ञेचा होता, कुंपण कुठे घालावे याचा होता, आणि अशा वादाने चळवळी मोठ्या होतात. परंतु एकीकडे नामदेव ढसाळ कम्युनिस्ट आणि दुसरीकडे राजा ढाले संकुचित, अशा शब्दांनी तो खेळला गेला. १९७४ मध्ये संघटना फुटली. कोणाचे कुंपण बरोबर होते हे ठरलेच नाही. आजही आपले विद्यार्थी हा प्रश्न पहिल्यापासून सुरू करतात.

यात एक कटू सत्य आहे. आपण आपसातल्या भांडणात जो शब्द घासून धारदार करतो तो पुढे आपल्या घरातच राहत नाही. आपल्या एका नेत्याला दुसऱ्याने ‘कम्युनिस्ट’, ‘नक्षलवादी’ म्हणून बाजूला सारले, तर उद्या पोलीस तेच म्हणतील तेव्हा त्याच्यासाठी रस्त्यावर कोण येणार? आपणच ते आधी म्हणून ठेवलेले असते.

‘चमचा’ या शब्दाचेही तेच. कांशीराम यांनी १९८२ मध्ये, पुणे कराराला पन्नास वर्षे झाली तेव्हा, ‘चमचा युग’ या विषयावर पुस्तक लिहिले. त्यांनी या चालू शब्दाला व्याख्या दिली. संयुक्त मतदारसंघात आपल्या प्रतिनिधीची निवड सवर्ण मतांवर ठरते, म्हणून जो निवडून येतो तो आपला राहत नाही. चमचा हा व्यवस्थेने तयार केलेला असतो, असे त्यांचे प्रतिपादन. पटो वा न पटो, यात कुंपण आहे, कारण आहे, उपायही आहे. बाजारी शिवीची संज्ञा कशी करावी याचा हा नमुना म्हणावा लागेल. आणि आपण तिचे काय केले? आज ज्याने दुसऱ्या गटाच्या सभेत भाषण केले तो चमचा, ज्याने आपल्या नेत्याला प्रश्न विचारला तोही चमचा. मतदारसंघाचा प्रश्न कोणाच्या ध्यानीमनी नाही. संज्ञेचा पुन्हा शिक्का झाला.

‘भक्त’ हा शब्द तर आपण इतका सैल वापरतो की चोखोबाही स्वतःला भक्तच म्हणवीत होता हे विसरतो. विचार न करता नेत्यामागे जाणारा असा अर्थ असेल, तर ती व्याख्या आपल्या गटांनाही लावून पाहावी लागेल. लावण्याची तयारी नसेल तर तो शब्द टाकून द्यावा.

६

यावर एक उत्तर नेहमी दिले जाते, आणि ते तरुणांना आवडते. शिक्का नाकारू नका, अभिमानाने मिरवा. ‘जयभीमवाले’ म्हणून हिणवत होते. आपण ‘जयभीम’ हीच ओळख केली आणि हिणवणाऱ्यांच्या हातातला दगड गळून पडला. हे खरे आहे. परंतु ‘जयभीम’ हे आपलेच अभिवादन होते. हिणवणाऱ्याने ते आपल्याकडून उचलले होते. आपण परत घेतले. ‘नक्षल’चे तसे नाही. ५ सप्टेंबर २०१८ रोजी, गौरी लंकेश यांच्या हत्येला एक वर्ष झाले त्या दिवशी, गिरीश कार्नाड बंगळुरूला ‘मी टू अर्बन नक्षल’ अशी पाटी गळ्यात घालून बसले. त्यांच्या धैर्याला मान दिलाच पाहिजे. त्यावरूनही त्यांच्याविरुद्ध पोलिसांत तक्रार झाली. परंतु ज्ञानपीठ मिळालेल्या नाटककाराने पाटी घालणे आणि घाटकोपरच्या वा इंदोऱ्याच्या वस्तीतल्या एखाद्या मुलाने ती घालणे यात फरक आहे. त्या मुलासाठी संपादकीय लिहिले जात नाही. त्याचा जामीन कोण भरणार? जो शब्द आपण कोण आहोत हे सांगतो तो परत घेता येतो. जो गुन्ह्याचा आरोप आहे तो मिरवून पुसला जात नाही.

‘दलित’ या शब्दाबाबत आपल्यात मतभेद आहेत. काहींना ‘बौद्ध’ हवे, काहींना ‘आंबेडकरी’, काहींना ‘बहुजन’. ऑगस्ट २०१८ मध्ये केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने वाहिन्यांना ‘दलित’ऐवजी ‘अनुसूचित जाती’ वापरण्याची सूचना केली, तेव्हा हे मतभेद पुन्हा वर आले. माझे मत असे: दाखल्यावर, अर्जावर, न्यायालयात ‘अनुसूचित जाती’ हाच शब्द असावा, कारण त्याला संविधानाने कुंपण दिले आहे आणि त्या कुंपणावर आपले हक्क उभे आहेत. ‘नवबौद्ध’ हा शब्दही सरकारी कागदावर सोयीसाठी आला; १९५६ मध्ये दीक्षा घेतलेल्यांच्या नातवंडांना अजून ‘नव’ म्हणावे हे विचित्र आहे, तरी त्या शब्दाने सवलतीचा रस्ता उघडला हे नाकारता येत नाही. परंतु साहित्यात, सभेत, लढ्यात आपण स्वतःला काय म्हणावे हे परिपत्रकाने ठरत नाही. तिथे मतभेद राहू द्यावेत. ‘दलित’ की ‘बौद्ध’ हा वाद करताना आपण आपलेच कुंपण मोजत असतो. तो वाद संपला तर आपला विचारही थांबला असे मी समजेन.

कार्यकर्त्यांना आणि शिक्षकांना माझी एक सूचना आहे. अभ्यासवर्गात, बैठकीत, पत्रकात एखादा राजकीय शब्द आला की उच्चारणाऱ्याला तीन गोष्टी विचाराव्यात. यात कोण येत नाही? हा तुम्हांला केव्हा लागू होईल? ज्याला लावला त्याने काय केले म्हणजे तुम्ही तो परत घ्याल? उत्तरे मिळाली तर त्या शब्दाच्या अर्थावर खुशाल वाद घालावा, रात्रभर घालावा. उत्तरे मिळाली नाहीत तर अर्थाच्या चर्चेत शिरू नये. ‘मी तो नाही, अमका तो आहे’ असे म्हणून तर मुळीच सुटका करून घेऊ नये, कारण आपल्या सुटकेची किंमत तो अमका भरतो. अशा वेळी शब्द ज्याच्या हातात आहे त्याच्याकडेच पुरावा मागावा. आणि हे तिन्ही प्रश्न प्रथम आपल्या पत्रकातल्या शब्दांना विचारावेत. येत्या निवडणुकीत आपले गट एकमेकांविरुद्ध उभे राहतील, पत्रके निघतील. त्यांत ‘दलाल’, ‘गद्दार’ आणि ‘चमचा’ हे शब्द किती वेळा आले ते मोजा, आणि त्यांपैकी किती ठिकाणी कारण दिले आहे तेही मोजा. मनमाडला एका जळजळीत शब्दाला व्याख्या द्यावयास बाबासाहेबांना सवड मिळाली होती. आपल्याला का मिळू नये?